जुन्या अरण्याची मोजदाद

मार्चअखेर जवळ आली की शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्यांमध्ये मालसाठ्याची मोजदाद सुरू होते. भंगार, बीड, तयार ओतीव भाग यांची वजने वहीत चढतात. परंतु सारी मत्ता वजनकाट्यावर कळत नाही, हे तेथील जाणता कारकूनही सांगेल. ओतीव भाग बिघडला तर तो वितळवून पुन्हा ओतता येतो. ज्यावरून वाळूचा साचा घडवायचा तो पॅटर्नच गहाळ झाला तर काम खोळंबते. पुन्हा मिळणारे आणि सहजी न मिळणारे यांत भेद करणे हा हिशेबाचा पहिला धर्म होय. आपल्या अरण्यांच्या हिशेबात मात्र हा भेद अद्याप पुरतेपणी झालेला नाही.

शिरोलीला अरण्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. शिरोलीच्या पुलाखालून वाहणाऱ्या पंचगंगेला मिळणारी भोगावती राधानगरीच्या डोंगरांतून येते. १९५८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेला हा प्रदेश आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचा आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. जंगल असले की महापूर येत नाही, असा भाबडा दावा करण्याचे कारण नाही. तथापि डोंगरउतारावरील माती धरून ठेवणे आणि पाणी जिरवणे ही कामे जुन्या अरण्याइतकी निगुतीने दुसरे कोणी करीत नाही, यात शंका नाही.

या अरण्याचे मोल ठरते कसे? सर्वसामान्य वाचकाला ठाऊक असते ती बुद्ध पौर्णिमेची गणना. पाणवठ्यांवर मचाणे बांधून चांदण्या रात्री आलेले प्राणी मोजले जातात आणि दुसऱ्या दिवशी गव्यांचा आकडा छापून येतो. लोकांना जंगलाजवळ नेण्याचा उपक्रम म्हणून तो स्तुत्य आहे. पण एका रात्रीच्या आकड्यावरून अरण्याची प्रकृती कळत नाही. गवा गवताळ सड्यांवर चरतो, प्रसंगी उसातही उतरतो. गवे वाढले म्हणून जुने जंगल शाबूत आहे, असा निष्कर्ष निघत नाही. चुकीच्या मोजणीची किंमत देशाने एकदा मोजलीही आहे. पायाच्या ठशांवरून केलेल्या गणनेत सरिस्का प्रकल्पात वाघ दाखवले जात होते. २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे निष्पन्न झाले.

जुन्या अरण्याची खरी साक्ष देतात ते त्याच्यावाचून ज्यांचे चालत नाही असे जीव. धनेशाची मादी मोठ्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ चिणून घेऊन अंडी उबवते. अशी ढोली कोवळ्या झाडाला नसते. शेकरू घरटे बांधते आणि फिरते ते एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांवरून. जंगल विरळ झाले की त्याची वाट तुटते. अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या सावलीतील ओलसर पाचोळ्यात बेडूक आणि देवगांडूळ नांदतात. त्यांपैकी कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कोठेही आढळत नाहीत. अशा जातींची यादी हीच त्या अरण्याच्या वयाची आणि अखंडतेची पावती होय.

वस्तुतः येथेच व्यवहार अपुरा पडतो. वनजमीन अन्य कामासाठी देताना तिचे निव्वळ वर्तमान मूल्य भरून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते आणि ते पुढे वाढले. ते ठरतात वनाचा प्रकार आणि छायेची घनता यांवरून. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. म्हणजे कागदावरील दर्जाला भाव आहे, वृक्षांच्या वयाला नाही. अभयारण्याच्या सीमेबाहेर पडलेली जुनी राई त्यामुळे स्वस्त ठरते. त्यात खाणीसारख्या प्रकल्पांच्या अहवालासाठी बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूची पाहणी पुरेशी धरली जाते. ज्या सह्याद्रीत बेडूक आणि देवगांडूळ पावसातच दृष्टीस पडतात, तेथे पावसाळा वगळणे म्हणजे गोदामाला कुलूप असताना साठा शून्य लिहिणे होय. शिवाय तो अहवाल तयार करणाऱ्याचे शुल्क प्रकल्पवालाच देतो!

अशी पाहणी खर्चिक आणि वेळखाऊ आहे, हा आक्षेप गैर नाही. परंतु तीच ठिकाणे, तेच मार्ग, वर्षाचे तिन्ही ऋतू आणि किती तास शोध घेतला याची नोंद, एवढी शिस्त पाळण्यास फार मोठी यंत्रणा लागत नाही. गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी पायी हिंडून आणि गावकऱ्यांना विचारूनच केली. कोल्हापूरच्या महाविद्यालयांतील जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि दाजीपूर परिसरातील जाणकार ग्रामस्थ यांना वनखात्याने हाताशी धरावे. २००२ च्या कायद्याने गावोगावी ठेवावयाची जैवविविधतेची नोंदवही मुदत संपत आली म्हणून उरकण्यापेक्षा वर्षभर लिहावी आणि ती सर्वांना पाहावयास मिळावी.

जमिनीचा दर वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. भरपाईच्या पैशातून रोपे लावता येतात. ढोली होण्याइतके वय विकत मिळत नाही. तेव्हा कोणतेही जुने जंगल देऊन टाकण्यापूर्वी त्यात कोण राहते, हे तिन्ही ऋतूंत पाहून लिहून काढावे आणि ती यादी निर्णयाच्या टेबलावर दरपत्रकाच्या आधी ठेवावी.