फौजेंतून परतलेल्यांचें शिक्षण

सैनिकांचा गौरव करण्यांत सातारा व सांगली हे जिल्हे कधींच मागें राहिले नाहींत. साताऱ्याजवळील अपशिंगे गांवचे 46 जवान पहिल्या महायुद्धांत कामास आले; देशांतील पहिलें सैनिक स्कूल 1961 सालीं साताऱ्यासच निघालें. फौजेंत जाण्याची वाट आम्हीं अशी रुंद केली. परंतु तेथून परतणाऱ्यास महाविद्यालयाची वाट अद्याप अरुंदच आहे.

सरकारी साह्य मुळींच नाहीं, असें नव्हे. पंतप्रधान शिष्यवृत्तीचे दर 2019 सालीं वाढून मुलीस दरमहा 3000 व मुलास 2500 रुपये झाले. हवालदार व त्याखालील दर्जाच्या माजी सैनिकांच्या दोन अपत्यांसाठीं संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधींतून मिळणारी मदत 2025 च्या नोव्हेंबरपासून दरमहा 1000 ची 2000 रुपये झाली. ज्या घरांस हें ठाऊक नाहीं, त्यांनीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अवश्य गांठावें.

परंतु या दोन्ही योजना मुलाबाळांसाठीं व विधवांसाठीं आहेत. खुद्द जवानाच्या पदवीस त्यांत जागा नाहीं. त्यास निवृत्तिवेतन आहे, मग दान कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, तें वेतन प्रपंच व मुलांची फी यांतच सरतें. शिवाय 2022 सालच्या योजनेंतील अग्निवीर तर चार वर्षांची सेवा संपवून ऐन शिकण्याच्या वयांत परततो, आणि त्यास निवृत्तिवेतनही नाहीं. हातीं आलेल्या सेवानिधींतून त्यानें धंदा उभारावा, कीं फी भरावी?

अमेरिकेनें 1944 सालीं कायदा करून परतलेल्या सैनिकांची फी व निर्वाहखर्च सरकारी तिजोरींतून दिला. 22 लक्षांवर सैनिक महाविद्यालयांत गेले. त्यास तेथें कोणी भिक्षा म्हटलें नाहीं. आम्हांस दिल्लीची वाट पाहण्याचेंही कारण नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली व गरिबाचा मुलगा श्रम करून शिकूं शकतो, हें याच भूमींत सिद्ध केलें. पेढीवर धर्मादाय काढून ठेवण्याची रीत आमच्या व्यापाऱ्यांस नवी नाहीं. सांगलीच्या हळदपेठेनें व साताऱ्याच्या दुकानदारांनीं त्यांतील अल्पसा वांटा परतलेल्या सैनिकांच्या फीसाठीं बाजूस काढावा. महाविद्यालयांनीं सकाळचे वर्ग व ग्रंथालयांतील कामें त्यांस मोकळीं करावीं. आणि निधीचा हिशेब दरसाल छापून प्रसिद्ध करावा.

हार घालून सत्कार एका दिवसाचा होतो. भरलेली फी जन्मभर पुरते.