फॉन्टला हिरवा टिक मिळाला, पण ‘शेतकऱ्यांना’ नीट दिसतं का?

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. पण रोजची मराठी आपण वाचतो ती मोबाइलच्या स्क्रीनवर, आणि तिथं अक्षर कसं उमटेल हे फॉन्टची फाइल ठरवते. ही फाइल बरोबर आहे का, हे हल्ली माणसाच्या आधी एक प्रोग्रॅम तपासतो. त्या प्रोग्रॅमला मराठी किती कळते, हा प्रश्न मला दर्जाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तपासणी होते कशी?

मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता, बलू, अनेक हे फॉन्ट तुम्ही नक्की पाहिले असतील. ते ओपन सोर्स आहेत. कुणीही फुकट वापरावेत, बदलावेत. गुगल फॉन्ट्सवर येणाऱ्या अशा फॉन्टसाठी ‘फॉन्टबेकरी’ नावाचं पायथनमधलं टूल वापरलं जातं. आता त्याच कामासाठी रस्ट भाषेत लिहिलेलं, जास्त वेगवान ‘फॉन्टस्पेक्टर’ आलं आहे. डिझायनरनं फाइल बदलली की अशी टूल्स आपोआप चालवता येतात. प्रत्येक चाचणीपुढं निकाल येतो: पास, वॉर्न, फेल किंवा स्किप.

यातल्या बऱ्याच चाचण्या खरोखर कामाच्या आहेत. लायसन्सची माहिती आहे का? फॉन्टमध्ये नोंदवलेली उंची सगळ्यात उंच अक्षराला पुरते का? ती कमी पडली की ‘र्की’सारख्या अक्षराची वरची वेलांटी आणि रफार कापले जाऊ शकतात. हे मशीन काही क्षणांत सांगतं. माणसाला हजारभर आकृत्या बघत बसावं लागलं असतं.

मग अडतं कुठं?

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द बघा. पहिले शिकवतात, दुसरे स्वयंपाक करतात. फरक फक्त रफार आणि अर्ध्या ‘ऱ’चा. फॉन्टनं दुसऱ्या शब्दातही रफार काढला, तर फाइल तांत्रिकदृष्ट्या ठणठणीत राहील, शब्द मात्र चुकेल. मशीनला आचारी माहीत नाही.

यावर सोय आहे. फॉन्टसोबत शब्दांची यादी द्यायची: हा शब्द, ही भाषा, आणि अक्षरं अशीच जुळली पाहिजेत. मग नव्या व्हर्जनमध्ये काही बिघडलं की टूल ‘फेल’ म्हणतं. पण यादीच दिली नसेल, तर चाचणी ‘स्किप’ होते. स्किप म्हणजे नापास नव्हे. पेपरच झाला नाही. रिपोर्टमध्ये लाल काही नसतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

भाषेचा रकानाही महत्त्वाचा. मराठीत ‘ल’ आणि ‘श’चं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं कळवलं तरच मराठी वळण येतं. चाचणीत नुसतं ‘देवनागरी’ लिहिलं, तर हा भाग तपासलाच जात नाही.

प्रत्येक वेळी दोष फॉन्टचा असतो असंही नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये 2008 साली आला. कुणी त्याऐवजी ‘अ’ टाइप करून त्यावर वेगळी चंद्रकोर दिली, तर क्रोम आणि अँड्रॉइडमध्ये अक्षरं जुळवणारं ‘हार्फबझ’ मध्ये एक ठिपक्यांचं वर्तुळ घालतं. तिथं फॉन्ट बदलून उपयोग नाही, टायपिंग सुधारावं लागतं.

आपण काय करू शकतो?

माझं गाव औसा, लातूर जिल्ह्यातलं. आमच्याकडं पीक विमा असो की अनुदान, निम्म्या मेसेजची सुरुवात ‘शेतकऱ्यांना’ अशीच होते. कुऱ्हाडे आडनावाच्या माणसाचं नाव दाखल्यावर तुटकं छापलं गेलं, तर तो ऑफिसात हेलपाटे घालणार. त्याला फॉन्टचा रिपोर्ट कोण दाखवणार? म्हणून ही यादी मराठी माणसानंच द्यायला हवी.

त्यासाठी कोडिंग यायलाच पाहिजे असं नाही. नवा मराठी फॉन्ट दिसला की हे शब्द त्यात टाइप करा: शेतकऱ्यांना, तऱ्हा, कुऱ्हाड, आचाऱ्यांना, ॲप, शाळेतल्या, औसा. एखादा बिघडला तर स्क्रीनशॉट घ्या. ओपन सोर्स फॉन्टची फाइल बहुतेक वेळा गिटहबवर असते. तिथं ‘इश्यू’ उघडा आणि तीन गोष्टी लिहा: कोणता शब्द, कसा दिसतो, कसा दिसायला हवा. सोबत फोनचं मॉडेल आणि ब्राउझरचं नाव द्या. शब्द कॉपी करता येईल असा टाका, नुसतं चित्र नको. चित्रातून चाचणी बनवता येत नाही.

तुमचा शब्द एकदा चाचणीत गेला की पुढच्या प्रत्येक व्हर्जनला तो पास करावा लागेल. मशीन विचारायला कंटाळत नाही, पण काय विचारायचं ते आधी आपण सांगायला लागतं.