चिखलाला तिकीट असावे का?

आषाढ जवळ आला की हल्ली गोव्यात एक विषय हटकून निघतो. माशेलचा चिखलकालो जगाला दाखवायचा! पर्यटन खात्याने २०२३ पासून त्यात विशेष लक्ष घातले आहे. अशा गप्पांत मी कोरियात राहून आलो हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला, "तिथल्यासारखे आपल्याकडे का होऊ नये?" तिथला चिखल मी अंगाला फासून आलो आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बोर्योंग हे दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शहर. एकेकाळी कोळशाच्या खाणींवर जगणारा हा भाग. खाणी बंद पडल्या तेव्हा गावाने समुद्राच्या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलाकडे पाहिले. १९९६ च्या सुमारास त्या चिखलापासून सौंदर्यप्रसाधने बनू लागली आणि त्यांची जाहिरात व्हावी म्हणून जुलै १९९८ मध्ये पहिला चिखल महोत्सव भरला. गंमत म्हणजे महोत्सव भरतो तो देचॉनचा किनारा चांगला वाळूचा आहे! चिखल जवळच्या चिखलपट्ट्यांतून ट्रकने आणावा लागतो. म्हणजे मागे देव नाही, पुराण नाही, मुहूर्त नाही. विकायची वस्तू होती, तिच्यासाठी सण काढला. आणि हे तिथे कोणी लपवत नाही.

नोकरीनिमित्त सोलला असताना मी आगगाडीने तिथे गेलो. तिकीट काढले, मनगटाला पट्टी बांधून घेतली आणि आत शिरलो. हवा भरलेल्या प्रचंड घसरगुंड्या, कुस्तीचे हौद, लोकांना आत कोंडून वरून चिखल ओतणारा लुटुपुटीचा तुरुंग. कर्णे अखंड ओरडत होते. दहा मिनिटांत सगळी माणसे एकाच राखाडी रंगाची झाली. परदेशात आपली सावळी कातडी सतत कोणाच्या तरी नजरेत असते, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. त्या दिवशी ती नजर नव्हती. एका आजीबाईंनी माझ्या पाठीवर पचकन चिखल मारला आणि नातवासह खदखदून हसल्या. मजा आली, खोटे कशाला बोलू? संध्याकाळी अंग धुऊन सगळे आपापल्या रंगात परत गेले.

आता माशेल. देवकीकृष्णाचे हे दैवत पोर्तुगीज काळात चोडण बेटावरून हलवावे लागले आणि फिरत फिरत इथे स्थिरावले. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी. आषाढी एकादशीला भजन होते आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, अंगाला तेल चोळून माणसे देवळापुढच्या मैदानात उतरतात. मृगाच्या सरींनी भिजलेल्या मातीत आंधळी कोशिंबीर, चेंडूफळी असे पोरवयातले खेळ रंगतात. साठीचा गृहस्थही त्या दिवशी गोकुळातला पोर असतो. ट्रक नाही, तिकीट नाही. चिखल पावसाचा आणि निमित्त भजनाचे.

म्हणूनच बोर्योंगचा कित्ता इथे गिरवू नये असे मला वाटते. त्यांनी चिखल विकला, तेव्हा मोडण्यासारखे जुने काही नव्हतेच. आपण विकायला गेलो तर विकले जाईल ते भजन आणि खेळ यांमधले नाते. व्यासपीठावर पाहुणे उशिरा आले म्हणून खेळ थांबला, की तो खेळ देवाचा उरत नाही.

पण परक्यांना येऊ देऊ नका, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या गावाने परागंदा झालेल्या देवाला जागा दिली, त्या गावाला चार पाहुणे जड होऊ नयेत. आणि बोर्योंगकडून एक गोष्ट खरोखर घेण्यासारखी आहे. तिथे बाया, मुली, आज्या चिखलात सारख्याच हक्काने उतरतात. माशेलला परंपरेने खेळतात ते पुरुष आणि मुलगे. बायका कडेला उभ्या राहून पाहतात. देऊळ एका आईचे, आणि आयांनीच बाहेर राहावे? यावर माशेलकरांनीच, माशेलकरणींना विचारून, काय ते ठरवावे. सरकारी परिपत्रकाने हे व्हायचे नाही.

सरकारला काही करायचेच असेल तर करण्यासारखे पुष्कळ आहे. वाहने गावाबाहेर थांबवावीत, अंग धुवायला पाणी द्यावे, कपडे बदलायला आडोसे उभारावेत, दुसऱ्या दिवशी कचरा उचलावा. बाकी खेळ माशेलकरांना येतो. तो त्यांना शिकवायला कोणत्याही कंत्राटदाराची गरज नाही.