एका दिवसाचा परदेश

मुलांनो, मागच्या आठवड्यात लातूरच्या एका वाचक मुलीचं पत्र आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते सगळे सिंगापूरला जाणार आहेत, पण बाबांना रजा चारच दिवसांची. सोबत बघायच्या ठिकाणांची यादी होती. मोजली, तर सव्वीस ठिकाणं! 'बाई, यातलं काय काय बसेल?' असं तिने विचारलंय.

यादी वाचून मला आमचा नांदेडचा चौथीचा वर्ग आठवला. जानेवारी २०२० मधली गोष्ट. मधल्या सुट्टीनंतर एक मुलगा उड्या मारतच वर्गात आला.

"बाई, आमची दादी परदेशाला जाऊलाली! सकाळी जायचं, संध्याकाळी परत!"

वर्ग खो खो हसला. आमच्या मुलांना वाटलं, एस.टी.ने लातूरला जाऊन यायचं म्हटलं तरी दिवस सरतो, आणि हा परदेशाला निघाला! पण तो खरं बोलत होता. दादींना पाकिस्तानातल्या करतारपूरला जायचं होतं. गुरू नानकांनी आयुष्याची शेवटची वर्षं तिथे रावीकाठी शेती करत घालवली, आणि १५३९ मध्ये तिथेच देह ठेवला. फाळणीत हा गुरुद्वारा सरहद्दीपलीकडे गेला. सरहद्दीपासून अंतर म्हणाल तर साडेचार किलोमीटरच्या आसपास! पण जायचा रस्ता नव्हता. अलीकडे डेरा बाबा नानक या गावाजवळ दुर्बीण लावलेली असे. भाविक तिथूनच दर्शन घेत. दादींनीही एकदा तसंच घेतलं होतं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे दुर्बिणीतून काही नीट दिसलंच नाही, असं त्या सांगत.

मग ९ नोव्हेंबर २०१९ ला तो रस्ता उघडला. व्हिसा नको, पासपोर्ट मात्र हवा. सकाळी जायचं, त्याच दिवशी परतायचं. कोणत्याही धर्माच्या भारतीयाला जाता येई.

गणिताचा तास होता. मी फळ्यावर घड्याळ काढलं आणि म्हटलं, "चला, दादींचा दिवस आपण आखू."

भराभर हात वर झाले. सरोवर, विहीर, लंगर, बाजार, फोटो. एकजण म्हणाला, "तिथून लाहोर जवळच आहे, तेही बघून येऊ!" ते लगेच खोडावं लागलं. परवानगी फक्त गुरुद्वाऱ्याची, पुढे पाऊल टाकायचं नाही. सामानही सात किलोंपर्यंतच, त्यात पाण्याची बाटलीसुद्धा आली. पैसे जास्तीत जास्त अकरा हजार रुपये. शिवाय पाकिस्तानची वीस डॉलर फी वेगळी.

"साडेचार किलोमीटर म्हणजे बसने दहा मिनिटं," वर्गातली हुशार मंडळी म्हणाली. समजा, दहाला निघालो आणि पाचला परतायचंय, तर हातात सात तास! पण मी विचारलं, रांगा किती? आपल्या बाजूला तपासणी, पलीकडे तपासणी, फी भरायची, बसची वाट बघायची. आणि येताना हे सगळं उलट्या क्रमाने. मुलांनी एकेक रांग वजा केली, तेव्हा साडेतीन तास उरले. प्रवासाला वेळ अंतरामुळे कमी लागतो, रांगेमुळे जास्त. सिंगापूरच्या यादीतही नेमकं हेच राहून गेलंय बघा.

घड्याळाची गंमत आणखी वेगळी. पाकिस्तानात आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असतं. आपल्याकडे चार वाजले, की तिकडे साडेतीन.

"म्हणजे अर्धा तास फुकट!" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग आनंदला. तेवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पण येताना तो परत द्यावा लागेल की." शाबास! तिच्यासाठी मी टाळ्या वाजवायला लावल्या.

पण खरी अडचण नांदेडातच होती. सचखंड एक्सप्रेसने अमृतसरला पोचायला जवळजवळ दीड दिवस. (वाटेत काही स्टेशनांवर गाडीतल्या सगळ्यांना मोफत लंगर मिळतो, हे ऐकून अर्धा वर्ग जायला तयार झाला.) गाडीचं तिकीट खूप आधी काढावं लागतं, आणि परवानगीचा निरोप मात्र प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी येणार. मग आधी काय करायचं? मुलांनी बराच काथ्याकूट केला. शेवटी ठरलं, की तिकीट काढून ठेवायचं आणि अमृतसरला दोन दिवस हातचे राखायचे. वजाबाकीत हातचा घेतो ना, तसे! निरोप नाहीच आला, तर सुवर्णमंदिर आहेच.

आता उरलेल्या साडेतीन तासांत काय बघायचं? "दादींनाच विचारून ये," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो तीनच गोष्टी लिहून घेऊन आला. माथा टेकणे. विहिरीचं पाणी. लंगरच्या पंगतीत जेवण. खाली लिहिलं होतं, 'मग नुसतं बसणार.'

मुलांना ते पटलं नाही. एवढं लांब जायचं आणि नुसतं बसायचं? खरं सांगू, मलाही तेव्हा तो तास वायाच वाटला. मी तिथे 'बाजार' लिहून टाकलं.

पासपोर्ट फेब्रुवारीत हातात आला. मार्चअखेरची तारीख धरली होती. १६ मार्च २०२० ला करोनामुळे रस्ता बंद झाला. शाळाही बंद. फळ्यावरचं घड्याळ पुढे कितीतरी दिवस तसंच राहिलं.

रस्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडला, पण दादींचे गुडघे दुखत होते. अखेर २०२३ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. पंचाहत्तरी गाठली होती, आणि त्या वयाच्या माणसाला एकट्याने जाता येत नसे, गटाने जावं लागे. तेरा वर्षांखालच्या मुलांनाही तोच नियम. म्हणून मुलगा आणि नातू दोघंही सोबत गेले.

परत आल्यावर नातू मला भेटायला शाळेत आला. सातवीत गेला होता, उंची वाढली होती. रांगा आपल्या हिशेबापेक्षा लांब निघाल्या म्हणे. बाजार राहिलाच. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, याचं त्याला फार वाईट वाटलं होतं. गुरुद्वाऱ्यात आत समाधी आहे आणि बाहेर अंगणात मजार. शीख आणि मुसलमान दोघंही नानकांना आपलं मानत, ही गोष्ट त्याने मलाच समजावून सांगितली!

"आणि दादी?"

"बसली ना, बाई. पाऊण तास. शेताकडे तोंड करून. मी दोनदा हाक मारली, तरी उठेना."

मी बाजार लिहिलं होतं, हे तो विसरला असावा. मी विसरले नव्हते.

मे २०२५ मध्ये दोन देशांतल्या तणावामुळे तो रस्ता आपल्या बाजूने बंद करण्यात आला. परवा तो मुलगा बाजारात भेटला. दादींचा पासपोर्ट २०३० पर्यंत चालतो, तेव्हा तो कपाटात नीट ठेवलाय, असं सांगत होता.