औषध दारात आले, पण धड आले का?

मे महिन्यातली दुपार. पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावर पार्सल घेऊन आलेल्या मुलाला घर सापडेना. फोनही लागेना. शेवटी तिठ्यावरच्या गाड्यावर पुडके ठेवून तो निघून गेला. संध्याकाळी शेजाऱ्याने ते घरी आणून दिले. आत इन्सुलिनची पेने होती आणि सोबतच्या बर्फाच्या पिशवीत कोमट पाणी. खोक्यावर मात्र स्वच्छ छापले होते, '२ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवा'. मुंबईत नोकरी करणाऱ्या लेकाने बापासाठी मोबाईलवरून मागवलेले ते औषध. आजोबांनी ते फ्रीजमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून टोचून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या तपासणीत त्यांची साखर वाढलेली निघाली. दोष औषधाचा की पथ्याचा, हे आता कोणीही सांगू शकत नाही. आमची तक्रार नेमकी हीच आहे.

कंपनीचे नाव आम्ही मुद्दामच घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. पेडणे आणि डिचोलीतली आमची कित्येक घरे आज म्हाताऱ्या माणसांवर चालली आहेत. मुले मुंबईला, पुण्याला, आखातात. त्यांना आईवडिलांची काळजी आहे आणि दुरून औषध पाठवण्याची ही सोय त्यांच्या हाती आली आहे. तिला आमचा विरोध नाही. ज्या वाड्यावरून फार्मसी गाठायला बस बदलावी लागते, तिथे ही सोय मोठीच आहे. पण सोय म्हणून स्वीकारलेली गोष्ट तपासूच नये, असे थोडेच आहे?

मधुमेहाची आकडेवारी पाहिली तर या प्रश्नाचे गांभीर्य कळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. देशाची सरासरी होती ११.४ टक्के. म्हणजे इथल्या दर चार प्रौढ माणसांत एकाला हा विकार. या सर्वांना इन्सुलिन लागते असे नाही, पण ज्यांना लागते त्यांचे आयुष्य त्या थेंबांवर अवलंबून असते.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. फार तापले तर त्याची ताकद उतरते आणि गोठले तर ते फेकूनच द्यावे लागते. पुष्कळदा ते दिसायला पूर्वीसारखेच राहते. रंग, वास यावरून काही कळत नाही. काचबिंदूच्या काही थेंबांची बाटलीही उघडेपर्यंत थंडच ठेवावी लागते. उगाच घबराट पसरवण्याची आमची इच्छा नाही. काही प्रकारचे न उघडलेले मानवी इन्सुलिन ३७ अंशांपर्यंत दोन महिने टिकू शकते, असे २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात म्हटले आहे. तेव्हा एका दुपारच्या उन्हाने प्रत्येक पेन वाया जातेच असे नाही. पण बंद गाडीत, उन्हात उभ्या राहिलेल्या टेंपोत तापमान ३७ वर थांबत नाही. आणि आपले पुडके त्या गाडीत किती तास होते, हे आपल्याला सांगणारा कोणी नाही.

दुकानापुरता कायदा जागा आहे. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे किरकोळ दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा लागते आणि औषधांचा गुण टिकेल अशी साठवणुकीची व्यवस्थाही लागते. निरीक्षक येऊन ती पाहू शकतो. पण पुडके दुकानाबाहेर पडून टेंपोत, तिथून दुचाकीवर आणि शेवटी तिठ्यावरच्या गाड्यावर पोचते, त्या प्रवासावर नजर कोणाची? इंटरनेटवरून होणाऱ्या औषधविक्रीसाठी केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०१८ रोजी नियमांचा मसुदा काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना चाललेली अशी विक्री थांबवण्याचा आदेश दिला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात परवानाधारक दुकानांना औषधे घरपोच देण्याची मुभा मिळाली. विक्री वाढत गेली आणि मसुदा मात्र वर्षानुवर्षे मसुदाच राहिला.

आणि हे गोव्यात घडावे? वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांतून औषधे परदेशी जातात, तेव्हा त्यांची केवढी निगा राखली जाते! पेडणेकरांच्या जमिनीवर मोपाचा विमानतळ उभा राहिला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. विमाने आमच्या माथ्यावरून जातात आणि खाली त्याच तालुक्यातल्या म्हाताऱ्याचे इन्सुलिन उन्हात पडून राहते.

उपाय अवघड नाही. पोलिओच्या लशीच्या कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो, हे अंगणवाडीत बाळ घेऊन गेलेल्या अनेक मातांनी पाहिले असेल. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडतो. तो वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यायची. जागतिक पातळीवर ही खूण १९९६ पासून वापरात आहे. दोन थेंबांच्या लशीला जे जमले, ते हजारो रुपयांच्या पुडक्याला का जमू नये?

आमच्या मागण्या तीन. थंड ठेवायच्या औषधाच्या प्रत्येक पुडक्यावर उष्णता दाखवणारी खूण असावी. औषध रोग्याच्या किंवा घरच्यांच्या हातात पडेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची राहावी आणि खूण काळवंडलेली असेल तर विनातक्रार बदलून मिळावे. बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च ते मे या काळात अशी पुडकी अचानक तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. पेडणे, मांद्रे, डिचोली, साखळी आणि मये या पाचही मतदारसंघांच्या आमदारांनी हा विषय विधानसभेत मांडावा. मते मागायला ते प्रत्येक वाड्यावर येतात, तेव्हा घरे त्यांना बरोबर सापडतात.

तोवर आपणही सावध राहू. इन्सुलिनसारखे औषध शक्यतो जवळच्या फार्मसीतूनच थर्मासमधून आणावे. आरोग्य केंद्रात मिळते का, तेही विचारावे. मागवायचेच असेल तर घरी कोणी असेल तो दिवस पाहावा. पुडके घेणाऱ्यासमोरच उघडावे, गरम लागल्यास फोटो काढून परत करावे आणि बिल जपून ठेवावे. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. शंका आली म्हणून डोस मात्र बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

असा अनुभव आपल्या घरी आला असेल तर तारखेसह लिहून ग्रामसभेत मांडा आणि एक प्रत आमच्याकडे द्या. 'तक्रारच आली नाही' असे म्हणायची संधी आपण कोणाला देता कामा नये.