मेलेल्या पात्राचा नवा देह

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवितो. तें मेल्यास मंत्रानें परत आणतां येतें. मात्र ‘रीइनकार्नेट’ या मंत्रानें जुना देह मिळत नाहीं. २०१४ च्या नियमांप्रमाणें मृत्यूस १० दिवसांहून अधिक काळ लोटलेला नसावा, १००० सुवर्णनाण्यांचीं तेलें खर्चावीं, आणि नवा देह फाशांनीं किंवा खेळनियंत्याच्या मर्जीनें ठरावा. स्मृति जुनीच राहते. १९७८ च्या नियमांत तर शूर योद्धा घुबड किंवा कोल्हा होऊनहि परत येई!

कित्येक खेळाडू यावर रुसतात आणि नियंत्याकडे मनाजोगा देह मागतात. आमच्या मतें नियंत्यानें येथें फांसेच टाकावे. ज्या मरणांत कांहींच गमवावें लागत नाहीं त्याचें भय कोण बाळगील? धिप्पाड योद्धा ठेंगण्या देहांत परतला कीं जुनें चिलखत अंगास बसत नाहीं, दारावरचा पहारेकरी ओळख देत नाहीं. कथा रंगते ती येथूनच. मात्र खेळाडूस आपलें पात्र संपवावेंसें वाटल्यास सोबत्यांनीं हट्ट धरूं नये. आत्मा राजी नसल्यास हा मंत्रहि फळत नाहीं.