आरोग्याच्या चार गोष्टी : ‘पित्त’ म्हणून दुर्लक्ष करूं नये

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आमच्या पुण्यांतील घराघरांत उपास आणि पारणीं यांचा क्रम चालतो. आदल्या दिवशीं कडकडीत उपास, दुसऱ्या दिवशीं पुरणपोळी आणि तीवर तुपाची धार. आणि त्याच रात्रीं घरांतील कोणी तरी पोट धरून उठून बसतें. ‘पित्त झालें’ असें म्हणून आमसुलाचें सरबत किंवा आवळकाठी दिली जाते. पहाटे कळ थांबते व सकाळीं ती गोष्ट सर्वच विसरतात.

सदाशिव पेठेंतील आमच्या परिचयाच्या एका बाईंचें असेंच झालें. दोन वर्षें सणासुदीच्या रात्रीं त्यांचें पोट दुखे आणि कांहीं तासांनीं राही. तिसऱ्या वर्षीं गौरीच्या जेवणानंतर कळ थांबेना. डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला. घरच्या मंडळींनीं काविळीची माळ घालण्यांत दोन दिवस दवडले. अखेर इस्पितळांत कळलें कीं, पित्ताशयांतील खडा पित्तनलिकेंत अडकला होता. तोंडावाटें दुर्बीण उतरवून तो काढावा लागला. बाई वांचल्या, पण तें दैव म्हणावयाचें, शहाणपण नव्हे.

घरांत आपण ज्यास पित्त म्हणतों, तें बहुधा जठरांतील आम्ल असतें. यकृतांत तयार होणारा पित्तरस हा निराळा. यकृताच्या खालीं, उजव्या फासळ्यांच्या आड, लहानशा नासपतीसारखी एक पिशवी असते, तेंच पित्ताशय. पित्तरस तेथें सांठून दाट होतो आणि स्निग्ध अन्न पोटांत आलें म्हणजे पिशवी आकुंचन पावून तो आंतड्यांत सोडते. रसांतील कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झालें किंवा पिशवी वेळच्या वेळीं रिकामी झाली नाहीं, तर खडे धरतात. पुरुषांपेक्षां स्त्रियांत, विशेषतः चाळिशीपुढें, हा विकार अधिक आढळतो. स्थूलता, मधुमेह, अनेक बाळंतपणें व घराण्यांतील वारसा हींही कारणें आहेत. उपासांनीं झपाट्यानें वजन उतरविणारांसही तो होतो.

आतां दोहोंतील भेद पाहूं. आम्लपित्तांत छातीशीं जळजळतें, आंबट ढेकर येतात आणि औषधानें बहुधा उतार पडतो. खड्याची कळ उजव्या फासळ्यांखालीं किंवा पोटाच्या वरच्या भागांत मध्यभागीं उठते, पाठींत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, अर्ध्या तासापासून कांहीं तासांपर्यंत टिकते. ढेकर दिल्यानें वा कूस बदलल्यानें ती कमी होत नाहीं. अशी कळ एकदां जरी आली, तरी थोड्याच दिवसांत डॉक्टरांस दाखवून पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

कळ पांच-सहा तासांवर गेली, थंडीताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद व शौच मातकट पांढुरकें झालें, किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र सकाळची वाट पाहूं नये; त्याच रात्रीं इस्पितळ गांठावें. वृद्धांत व मधुमेह्यांत लक्षणें सौम्य दिसूनही आजार गंभीर असूं शकतो. पोटाच्या वरच्या भागांतील दुखण्यासह घाम सुटला किंवा धाप लागली, तर तें हृदयाचेंही असूं शकेल. तेव्हां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

आणखी एक घोटाळा होतो, तो ‘खडा’ या शब्दामुळें. मुतखड्यासाठीं आपण भरपूर पाणी, कुळथाचें कढण, पानफुटीचीं पानें सुचवितों. पित्ताशयांतील खड्याचा मूत्रमार्गाशीं कांहीं संबंध नाहीं. पाण्यानें तो वाहून जात नाहीं. किंबहुना लहान खडा पिशवींतून सुटून नलिकेंत अडकणें, हाच मोठा धोका. त्यानें कावीळ होते व स्वादुपिंडासही सूज येऊं शकते.

खडे आहेत, पण त्रास कधींच झाला नाहीं, अशांपैकीं बहुतेकांस शस्त्रक्रियेची गरज नसते. त्रास सुरू झाला म्हणजे मात्र पिशवीच काढणें इष्ट. नुसते खडे काढले तर ते पुन्हां धरतात. कार्ल लांगेनबुख यांनीं बर्लिन येथें १८८२ सालीं ही शस्त्रक्रिया प्रथम केली. दुर्बिणीच्या साहाय्यानें लहान छिद्रांतून ती भारतांत प्रथम केली १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनीं. आज बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरीं जातात. पिशवी गेली तरी यकृत पित्तरस करीतच राहतें, अन्न पचतें.

पंक्तीला सर्वांना वाढून शेवटीं बसणारी गृहिणी स्वतःचें दुखणेंही शेवटींच सांगते. म्हणून घरांतील पुरुषांस व मुलांस आमची विनंती आहे कीं, पुढच्या खेपेस ती ‘पित्त आहे, जाईल’ असें म्हणाली, तर तेवढ्यावर गप्प बसूं नये. कोठें दुखतें, किती वेळ दुखतें, यापूर्वीं कधीं दुखलें होतें, हे तीन प्रश्न तिला विचारावे. आणि उत्तरें वर सांगितल्यासारखीं आलीं, तर तिला डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जावें.